खोडलेली शेवटची ओळ

६ सप्टेंबर १९३४, गुरुवार

आमचे म्हातारे नट मिस्टर थ्रेल आज तालमीत शब्द विसरून पुन्हा पुन्हा अडकले. मी विंगेतून शब्द पुरवत राहिले आणि आमचे मॅनेजर कॉबोल्ड डोळे वटारत राहिले. शेवटी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "मॉड, सोमवारी पहिला प्रयोग. तुझा आवाज एकदा जरी मला ऐकू आला, तर मंगळवारपासून नाटकातल्या म्हाताऱ्याचं काम त्यांच्याऐवजी प्राउट करेल."

प्राउट आमचाच नट, तिशीतला. पांढरी दाढी लावून म्हातारा होणार म्हणे! दाढीनं म्हातारपण येत असतं तर बोकडालाही काम मिळालं असतं.

७ सप्टेंबर

बावीस वर्षं मी मिस्टर थ्रेलना विंगेतून बघतेय. लंडननं दोन वर्षं डोक्यावर घेतलं आणि विसरून गेलं. ते मात्र गिरण्यांच्या गावांतून राजे उभे करत राहिले, पन्नास वर्षं. प्रेस्टनला एकदा दिवे गेले तर अख्खा अंक अंधारात केला. एक माणूस उठला नाही. मी तर नाटकाचं पुस्तक मिटून नुसती ऐकत बसले होते.

असा माणूस एका शब्दापायी घरी बसवायचा?

९ सप्टेंबर, रविवार. ग्रिम्सबी

गाडीत मिस्टर थ्रेलशी खूण ठरवली. शब्द आठवला नाही तर कोटाच्या दुसऱ्या बटणाला हात. मग मी अगदी हळू सांगायचं. हात नसेल तर तो त्यांनी मुद्दाम घेतलेला विराम, मी गप्प.

"पोरी, बटण तरी माझ्या लक्षात राहील ना?" म्हणाले आणि हसले. मी अठ्ठेचाळीस वर्षांची पोरी!

धास्ती आहे ती शेवटच्या वाक्याची. ते तालमीत कुणी उच्चारत नाही. पहिल्या प्रयोगाआधी ते तोंडातून गेलं की नाटक पडतं, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. तिथे आले की मिस्टर थ्रेल "टाळ्या, टाळ्या, पडदा" म्हणतात आणि टोपी उचलतात. बाकीच्यांच्या कागदांवर फक्त आपापली वाक्यं. पूर्ण पुस्तक माझ्याकडे एकटीकडे.

११ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी

काल एकदाही बटणाला हात गेला नाही. दीपगृहाचा म्हातारा राखणदार म्हणून नुसते खोकले तरी लोक पुढे सरकून बसत होते.

मग शेवट. मुलगी लग्न करून निघालेली, दारात उभी. ते थांबले. हात खालीच. पुस्तकात होतं, "जा, पोरी. समुद्र काही थांबत नाही." शब्द माझ्या ओठांवर आला. समोरच्या विंगेत कॉबोल्ड कान टवकारून उभे. मी जीभ दाताखाली धरली. किती वेळ गेला देव जाणे.

मग ते म्हणाले, "दार लावू नकोस. उजेड बाहेर जाऊ दे."

पुस्तकात हे नाही! पडद्याची खूण द्यायचीही मी विसरले. कोळ्यांच्या बायका हातरुमाल डोळ्यांना लावून रडत होत्या. कॉबोल्डनी नाटक वाचलं ते एकदाच, तेही तिकिटांच्या नजरेनं. मला म्हणाले, "शेवट काय लिहिलाय पोरानं!" ते पोर, म्हणजे लेखक, कॅनडाच्या बोटीवर.

न्याहारीचा मासा तसाच टाकून पुस्तक उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा लेखकाची ओळ खोडली आणि मिस्टर थ्रेलची लिहिली. बावीस वर्षांत मी पाहिलेलं हे त्यांचं सगळ्यात मोठं काम. ऐन वेळी, स्वतःच्या मनातून! असा नट होणे नाही.

१२ सप्टेंबर

काल शेवटच्या वाक्याला त्यांचा हात बटणाला गेला. मी हळूच त्यांचीच ओळ सांगितली. त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं, मग म्हटली. कॉबोल्डना काही ऐकू आलं नाही.

आज चहाच्या वेळी मिस्टर थ्रेल म्हणाले, "मॉड, शेवटचं वाक्य सुरेख लिहिलंय गं त्या पोरानं. मी तर कालच पहिल्यांदा ऐकलं."

मी म्हटलं, हो.