सोळा अवयव की चार

३ फेब्रुवारी

अभय सरांनी आज सगळ्या लॅबसमोर माझं काम टेबलावर आपटलं. पीएचडीचे गाईड तेच. औषध शरीरात कुठे किती जातं याचं त्यांचं मॉडेल सोळा अवयवांचं. पीएचडीसाठी मला तेच नवजात बाळांना लावायचं होतं. मी सोळाचे चार गट केले. ज्या अवयवांत औषध सारख्याच वेगाने शिरतं आणि निघतं, ते एकत्र. मूत्रपिंड तेवढं वेगळं, कारण हे जंतूंवरचं औषध बाहेर पडतं ते तिथूनच.

"हा शॉर्टकट आहे, अनुजा. तुम्हा लोकांना मेहनत टाळायची सवयच."

तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला, हे डिलाईल रोडच्या जयभीमवाल्या घरातल्या मुलीला विचारावं लागत नाही.

४ फेब्रुवारी

अजून चिडलेलीच आहे. जेवले नाही.

६ फेब्रुवारी

पप्पा म्हणाले, "सोळाचं पण करून दाखव ना त्याला. मग बघू काय बोलतो." आधी रागच आला — दर वेळी मीच का सिद्ध करायचं? पण बसले. बाळाच्या प्लीहेत हे औषध किती जातं, कोणी मोजलेलंच नाही. सरांनी मोठ्या माणसाचा आकडा छोटा करून बसवलाय. अशा कितीतरी जागा! अंदाजांची रांग लावायची आणि तिला मेहनत म्हणायचं — मी नाही म्हणणार.

११ फेब्रुवारी

दोन्ही मॉडेलच्या रेषा एकावर एक. रक्तातलं औषध अगदी तेवढंच. सर म्हणाले, "योगायोग."

बरं. मग मी परळला दीपिका मॅडमकडे गेले. नवजात बाळांचा वॉर्ड त्या सांभाळतात. सरांना विचारलं नाही. काढायचं तर काढू देत लॅबमधून.

मॅडमनी खोदून खोदून विचारलं. शेवटी म्हणाल्या, "सोळाचं मला वॉर्डात वापरताच येत नाही गं. हे चारचं ठेव इथे. जुन्या केसेसवर तपासते."

२४ फेब्रुवारी

जुळलं! सरांना नुसता ग्राफ मेल केला. वर-खाली एक शब्द लिहिला नाही. लालबागहून फरसाण आणलं, पप्पांनी आणि मी संपवलं.

२ मार्च

मॅडमचा फोन. आठशे ग्रॅमचं बाळ, मूत्रपिंड नीट चालत नाही. नेहमीचा डोस जास्त होईल, कमी केला तर जंतू आवरणार नाहीत. माझ्या मॉडेलने मधला आकडा दिलाय.

"रक्त तपासत राहीन मी. पण पहिला डोस तुझ्या आकड्यावर. देऊ ना?"

"द्या," म्हटलं. फोन ठेवला आणि तो आकडा पुन्हा काढून पाहिला. सर बरोबर की मी, मला आता काही घेणंदेणं नाही. ते बाळ जगू दे.