राखीव औषध

बाई, आज आमच्या कारखान्यात तुमची गोळी तयार झाली. तुमची म्हणजे, तुम्हाला हवी होती ती. तिच्यावरचं पेटंट संपलं, आता कुणीही बनवावी. दुपारची शिफ्ट बदलतेय, वाळवणीच्या यंत्राची घरघर चालू आहे, आणि मी, नगरच्या एमआयडीसीतला पिकल्या केसांचा केमिस्ट, पाठकोऱ्या कागदावर तुम्हाला लिहीत बसलोय. शुद्धलेखन तपासू नका, तुमची ती खोड मला माहीत आहे.

या घरघरीत डोळे मिटले की घोडेगावची शाळा येते. बाजाराचा दिवस आहे, सगळा रस्ता बैलांनी आणि टेम्पोंनी भरलाय. मी ओढ्यातून आलोय, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि उशीर झालाय तो झालाच. तुम्ही रागावत नाही. मला फळ्यापाशी उभं करता आणि वर्गाला विचारता, "रस्ता बंद होता, तरी हा आलाच की न्हाई? रसायनशास्त्र म्हंजे हेच हाय. एका वाटेनं जमलं न्हाई तर दुसरी धरायची, पदार्थ तोच मिळतो." वर्ग खिदळतो. मला मात्र तिथंच पोटापाण्याचा धंदा सापडला. तेव्हा आपल्याकडं पेटंटनं औषध बनवायची रीत राखीव असायची, औषध नव्हे. दुसरी रीत शोधली की तेच औषध स्वस्तात बनायचं. उमेदीची वर्षं मी अशा आडवाटा शोधण्यात घालवली, आणि लई मजेत घालवली.

मग जागतिक व्यापाराचे करार आले, कायदा बदलला, आणि तुम्हाला रक्ताचा कॅन्सर झाला. पुण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी परदेशी कंपनीची. तिची किंमत ऐकून तुमच्या मुलीनं चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली ती पुन्हा काढलीच नाही. मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही पडवीत खाटेवर होता, ऐन चैत्रात अंगावर शाल. "काय रे, तुला एवढ्या वाटा सापडतात, हिची न्हाई का सापडत?" मी म्हणालो, "बाई, आता कुठलीही वाट धरा, औषधच त्यांच्या नावावर आहे." तुम्ही हसलात. "म्हंजे आख्खं गावच नावावर करून घेतलं म्हण की! शाबास!" मला हसू आलं नाही. राग आला, तुमच्यावरसुद्धा आला, मरणाच्या गोष्टीवर इतक्या सहज कसं हसता म्हणून. पावसाळा लागायच्या आत तुम्ही गेलात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितो. ते औषध मी बनवलं होतं, बाई. पेटंट संपल्यावर कामी येईल म्हणून साहेबांनी प्रयोगशाळेत अभ्यासाला लावलं होतं, तेवढं कायद्यात बसतं. त्या दिवशी तुमच्या पडवीत बसलो होतो तेव्हा माझ्या खिशात तिथून गुपचूप आणलेली बाटली होती, दोन महिने पुरेल एवढी पांढरी भुकटी. चहा प्यालो, पाया पडलो, बाटली तशीच परत आणली आणि बेसिनमध्ये ओतली. माणसांवर न तपासलेली भुकटी आपल्या बाईंच्या तोंडात कशी घालायची, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते बरोबरच आहे. पण त्या वेळी माझ्या मनात ते आलंच नव्हतं. मला फक्त नोकरीची भीती वाटली होती.