शिवेवरचे दाणे

माय, यंदा देवीच्या सणाला गावची शीव बांधली तेव्हा मी आतच होते. भावानं फोनवर बजावलं होतं, "अक्का, आदल्या दिशीच ये, मागच्यावानी नगं." मागच्यावानी म्हणजे तू गेलीस त्या सालासारखं. इतक्या वर्षांत त्या दिवसाला आम्ही दुसरं नाव दिलेलं नाही.

तुझं दुखणं जास्त झाल्याचा निरोप आला म्हणून मी हुलसूरच्या बसमधून उतरून तशीच चालत आले होते. माणसं उकडलेली ज्वारी शिंपत गावाभोवती निघाली होती. फेरा जुळेपर्यंत आतल्यानं बाहेर जायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही, आणि नांदायला गेलेली लेक बाहेरची. भाऊ पलीकडून रडत म्हणाला, "आजच कामून आलीस गं? थांब जरा, फेरा जुळायलाय." मी थांबले. ऊन कललं, फेरा जुळला, तोवर तू गेली होतीस. मला रडू आलं नाही, तहान तेवढी लागली होती. राग तरी कुणावर धरायचा? चुलीपुढं ज्वारी निवडताना तूच सांगायचीस, पटकीच्या साली एका लेकीसाठी शीव मोडली आणि गाव ओस पडलं. "तू बघितलंस व्हय?" असं एकदा विचारलं तर उलथनं उगारून म्हणालीस, "बघाय कशाला लागतंय? समद्या गावाला ठाव हाय." मलाही ठाव होतं, म्हणून माझं पाऊल उचललं नाही. समोर ज्वारीचे दाणे पडले होते आणि चिमण्या ते टिपत होत्या.

यंदा भाऊ अंथरुणाला खिळलाय. दुपारी, फेरा जुळायच्या आधीच, कुणीतरी सांगत आलं, त्याची लेक कलबुर्गीहून आलीय, शिवेवर उभी आहे. मी गेले. पोर तान्हं बाळ घेऊन उन्हात उभी, चार म्हातारे अलीकडं. पुजारी म्हणाला, "अक्का, तुमीच सांगा आता." मी दाणे ओलांडले, तिची पिशवी घेतली, "चल, बाप वाट बघायलाय" म्हणाले आणि चालू लागले. मागून हाक येईल म्हणून मान ताठ धरली होती. हाक आली नाही. एका म्हाताऱ्यानं तर बाळावर छत्री धरली.

भाऊ लेकीला बघून पोटभर रडला. बायका मला धीराची म्हणाल्या. मी भाताला आधण ठेवलं.

माय, त्या दिवशी मला गावानं अडवलं, असं धरून मी आजवरचे दिवस काढले. आता वाटतं, तेव्हा मी नुसती चालत आत आले असते तरी कुणी हाक मारली नसती. भावाला हे सांगणार नाही. तुला सांगून झालं, आता हा कागद चुलीत घालते. हे कळलं नसतं तर बरं झालं असतं.