सुरक्षाप्रमुखाची शिट्टी

२ नोव्हेंबर, रविवार
डोकं फिरलंय. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून आमच्या लेकीने, तेजस्विनीने, पुण्यात बसून परस्पर क्रूझची तिकिटं काढली. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. सौ.ला आधीपासून माहीत होतं. सौ.चा भाऊ केरू आणि त्याची बायको भागुबाई येणार हेही ठरलेलं. मला फक्त बॅग भरायला सांगण्यात आलं.

सुरक्षिततेचा विचार कोणी केला? जहाजाला आग लागली तर? कठड्यावरून कोणी गेलं तर? गोव्यात उतरल्यावर चुकामूक झाली तर? केरूला पिंपळगावला फोन लावून विचारलं. दाजी, लय टेन्शन घेऊ नका, जेवण फुकट हाय, म्हणाला. कांद्याचा व्यापारी. याच्या भरवशावर मी भर समुद्रात जायचं.

निश्चय: सुरक्षाप्रमुख मीच. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली आहेत, पाण्याशी जुना संबंध आहे (हिशेब शाखा). शिवाय मागच्या सिंहस्थात रामकुंडावर स्वयंसेवक होतो. तेव्हाची शिट्टी अजून जपून ठेवली आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार
क्रूझ कंपनीला ईमेल केला होता. लाइफबोटी पुरेशा आहेत का, डॉक्टर नेमका कसला, रात्री कप्तान झोपल्यावर जहाज कोण चालवतं. उत्तर आलं: आपल्या प्रश्नांबद्दल आभार, बुफेत जैन जेवणाचीही सोय आहे.
संताप. स्मरणपत्र पाठवलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
पोहण्याची उजळणी करायला स्विमिंग पूलवर गेलो. शिकायला नव्हे, उजळणीला. शिकवायला सृष्टी नावाची मुलगी, तेजस्विनीपेक्षाही लहान. म्हणाली, काका, आधी पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढा. शेजारी बालवाडीची पोरं बुडबुडे काढत होती. गंगापूर धरणाची बिलं पास केलेला माणूस मी!
काठावर उभं राहून निरीक्षण केलं. पाण्यात क्लोरीन जास्त आहे. उद्यापासून घरीच कोरडा सराव.

११ नोव्हेंबर
सराव नाही. मान धरली. पूलवरच्या वाऱ्यामुळे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पहाटे मॉक ड्रिल घेतलं. शिट्टी झाली की सौ.ने लाइफ जॅकेट घालून पार्किंगमध्ये हजर व्हायचं, असं रात्रीच बजावलं होतं. (दोन जॅकेटं ऑनलाइन मागवली. नारिंगी.) शिट्टी ऐकून घंटागाडी लवकर आली असं वाटलं आणि सगळ्या बिल्डिंगमधल्या बायका कचऱ्याचे डबे घेऊन उतरल्या. सौ. सगळ्यात शेवटी आली. जॅकेट नाही. हातात डबा.

सोसायटीचे चेअरमन निवृत्ती आहेर बाल्कनीतून ओरडले, हा काय तमाशा म्हणून. मीही खालून सुनावलं, की आग लागेल तेव्हा कळेल. या देशात शिस्त येणार नाही.

तरी सौ.ला तिथेच उभं करून मुख्य नियम पाठ करून घेतला: बंदरावर उतरल्यावर एखादा मागे राहिला, तर त्याच्यासाठी सगळ्यांनी अडकायचं नाही. बाकीच्यांनी सरळ जहाज गाठायचं. तीनदा म्हणवून घेतला.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सौ.शी जोरात वाजलं. म्हणे, सिंहस्थात सगळं जग बुड्या मारत होतं आणि तुम्ही पायरीवर बसून तांब्याने आंघोळ केलीत. केली. गर्दीच्या दृष्टीने तीच खबरदारी योग्य होती. तर म्हणे, पाण्याची भीती वाटते एवढं एकदा म्हणून टाका ना, मी हात धरते.
भीती? मला? ताटावरून उठलो. नंतर मटकीची उसळ होती हे लक्षात आलं, म्हणून परत बसलो.

वाढता वाढता ती शांतपणे बोलली. तेच जास्त लागलं. म्हणाली, अलिबाग झालं, दिवेआगर झालं, द्वारका झाली. दरवेळी तुमच्याबरोबर वाळूत बसून समुद्र लांबून पाहिला. आता गोवा सोडल्यावर रविवारी जहाज दिवसभर समुद्रात असणार आहे, चारी बाजूंनी पाणी, किनारा कुठेच नाही. तेवढा एक दिवस मला बघायचाय. तो बिघडवू नका.
मी बिघडवणार! मी तर तो दिवस सुरक्षित करतोय. उपकारांची जाणीव कोणाला नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार. जहाजावर.
बेशिस्तीचा कळस. चढल्या चढल्या रिसेप्शनवर गेलो आणि माझ्या ईमेलला उत्तर का नाही याचा जाब विचारला. जहाज सुटण्याआधी सुरक्षा ड्रिल कधी घेणार, तेही खडसावून विचारलं. तो पोरगा मध्ये मध्ये काही सांगू पाहत होता, मी बोलू दिलं नाही. तेवढ्यात स्पीकरवर माझं नाव. ड्रिल वर सुरूच होतं आणि सगळ्या प्रवाशांत मी एकटाच गैरहजर होतो. माझ्यासाठी सगळं जहाज खोळंबलं.
वर पोहोचलो तर सौ. जॅकेट नीट घालून रांगेत उभी. भागुबाईचे पट्टे तीच आवळून देत होती. ऑफिसर तिला व्हेरी गुड म्हणाला. प्रशिक्षण कोणी दिलं, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

रात्री
केबिनमध्येच आहे. बाहेर वारा फार, शिवाय जहाजाचा मधला भाग सर्वांत स्थिर असतो. जॅकेट घालून पडलो आहे. सौ. डेकवर. दोनदा बोलवायला आली. तिसऱ्यांदा आली नाही.

६ डिसेंबर, शनिवार. गोवा. संध्याकाळ.
खिशातल्या वहीत उभ्याने लिहितोय, अक्षर बिघडलं आहे.
दुपारी बीचवर गेलो. मी जॅकेट घालून वाळूत, माझ्या ठरलेल्या जागी. केरू पँट वर करून पाण्यात शिरला. मागोमाग भागुबाई. मग सौ. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हसत होती. मोठी लाट येताना दिसली. मी जीव खाऊन शिट्टी वाजवली.

तिथल्या लाइफगार्डांची म्हणे तीच खूण. सगळा बीच पाण्याबाहेर पळाला. पोरं रडायला लागली, बोटीवाले शिव्या द्यायला लागले. लाट काठावर आली तेव्हा सौ.च्या गुडघ्यापर्यंतसुद्धा पोहोचली नाही. लाइफगार्डांनी मला त्यांच्या टपरीत नेलं, शिट्टी काढून घेतली आणि सॉरी म्हणायला सांगितलं. मी म्हणालो, आधी माझी तक्रार लिहून घ्या. इथे लाटांवर कोणाचंही नियंत्रण नाही.

केरूने हात जोडले. दाजी, सॉरी म्हना अन् चला, जहाज सुटंल. मी ठाम राहिलो. सौ. ओल्या साडीने दारात उभी होती. मी थांबू का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम, तुम्ही पुढे व्हा, मी टॅक्सीने येतो. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.
गेली.
शेवटी लाइफगार्डांनीच कंटाळून सोडलं. टॅक्सी मिळाली तेव्हा सौ.चा फोन आला. जहाज सुटलं होतं. बसने घरी जा, किल्ली आहेरांकडे आहे, फ्रिजमध्ये डाळ आहे, एवढं बोलून रेंज गेली.
तीस वर्षांत माझी सूचना पहिल्यांदाच तंतोतंत पाळली गेली.

७ डिसेंबर, रविवार. नाशिक.
रात्रभर बस. जॅकेट अंगातच, कारण बॅग जहाजावर. कंडक्टरने विचारलं, काका, पुढे पूर आहे का. आहेरांनी किल्ली देताना काहीच विचारलं नाही, त्याचा जास्त राग आला.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला, केरूने काढून जहाजाच्या वायफायवरून पाठवलेला. सौ. कठड्याला टेकून उभी आहे. मागे नुसतं पाणी. किनारा कुठेच नाही. केस उडताहेत. अशी हसताना तिला कधी पाहिली होती, आठवत नाही. जॅकेट घातलेलं नाही. तसं लिहून पाठवणार होतो. नाही पाठवलं. डाळ गरम केली, जेवलो नाही. वाईट वाटलं. मी तिथे असायला हवा होतो.

निश्चय: उद्या संध्याकाळी ती घरी येण्याआधी रामकुंडावर जाऊन पूर्ण बुडी मारून यायची. आली की सांगायचं.

८ डिसेंबर, सोमवार. सकाळी.
गेलो. पाणी गार, पायऱ्यांवर शेवाळ. पहिल्या पायरीवर बराच वेळ उभा होतो. हात धरते म्हणाली होती.
दुसरी पायरी दिसत नव्हती. अशा वेळी घाई करणं सुरक्षिततेच्या दृष्टीने चूक.
तांब्या पिशवीतून नेलाच होता.