नैवेद्याचं श्रीखंड

शुगर लँड, सप्टेंबर २००७

संध्याकाकू,

हे तिसरं पत्र. आधीची दोन माझ्या ड्रॉवरमध्येच आहेत.

गेल्या वर्षी तुमच्या गराजमध्ये मखर रंगवताना उकडत होतं, म्हणून पंखा लावायला मी फ्रिजचा प्लग काढला आणि विसरले. दुसऱ्या दिवशी आठवलं, तेव्हा गुपचूप परत लावला. आत तुमच्या ऑर्डरचं श्रीखंड होतं. ते मंडळाच्या गणपतीला गेलं आणि चौदा जण आजारी पडले. छोटी सई चार दिवस आयसीयूत होती.

खराब अन्न विकल्याची केस झाली. जजने विचारलं, "विकण्याआधी चाखलं नाही?" तुम्ही म्हणालात, "नैवेद्याचं होतं. देवाआधी कसं चाखणार?" तुमचं बोलणं इंग्लिशमध्ये मीच सांगत होते. तुमचं एकूण एक वाक्य सांगितलं, माझं एक तेवढं गिळलं. दोषी ठरून बाहेर आल्यावरही तुम्ही मलाच म्हणालात, "दमलीस गं. काहीतरी खाऊन घे."

यंदा मंडळाच्या पॉटलकची यादी माझ्याकडे होती. सगळ्यांच्या नावापुढे एकेक पदार्थ लिहिला. तुमच्या नावापुढे मी 'कागदी प्लेट्स' लिहिलं, काकू, आणि काल तुम्ही त्या हसत घेऊन आलात.

तुमच्या शेजारची,
रेणू