सासूबाईंच्या खोलीसाठी घेतलेली लेन्स

पिरंगुट, रविवार

तीर्थस्वरूप दादासाहेबमामा,

हेमलताचा पाया पडून नमस्कार. आशालतामामींची दाढ काढली, की अजून डॉक्टर बदलणंच चालू आहे? इकडे सगळे बरे आहेत, माझं डोकं सोडून.

सासूबाईंनी मागच्या अंगणात भाड्याने द्यायला खोली बांधली, हे तुम्हाला माहीत आहेच. दहा बाय दहा, कोपऱ्यात मोरी. चार महिने रिकामी होती. हल्ली कंपनीतली माणसं खोली बघायला येत नाहीत, आधी मोबाईलवर फोटो मागतात. माझा कॅमेरा घरात होताच (मी बारशांचे फोटो काढायचे तो), पण त्याच्या लेन्समध्ये खोली मावेना. मागे सरकत सरकत मी मोरीत पोचले, तरी फोटोत एक खिडकी आणि अर्धा पंखा. लोक फोन करून विचारायचे, भिंती किती आहेत?

म्हणून वाइड अँगल लेन्स शोधायला निघाले, त्यात तीन आठवडे गेले. पियूषभाऊजी (धाकटे दीर, हिंजवडीला असतात, त्यांना सगळ्यातलं कळतं) म्हणाले, दहा मिलिमीटरची घ्या वहिनी, आकडा लहान तेवढी खोली जास्त मावते. पुण्यातल्या दुकानात किंमत ऐकून मी म्हटलं, बाराची दाखवा, मग चौदाची. तिथे आकडा जितका लहान तितकी किंमत मोठी. यूट्यूबवर एक जण सांगतो हीच घ्या, त्याच्याखाली दुसरा सांगतो घेतली आणि पस्तावलो. मोबाईलला चिमट्याने लावायची एक स्वस्तातली मागवली, तर तिच्यातून खोली दाराच्या भिंगातून पाहुणा दिसतो तशी दिसली, गोल आणि पोट सुटलेली. शेवटी पौडच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरची जुनी लेन्स निम्म्या किमतीत आणली.

आणि खोली दिसली, मामा. फरशी लांबवर पसरलेली, मोरी म्हणजे जणू वेगळी खोली. सासूबाईंनी बराच वेळ फोटो न्याहाळला आणि म्हणाल्या, "ही आपली खोली न्हाई. हितं लगीन लागंल." मला ते कौतुक वाटलं. फोटो टाकला.

घोटावड्याच्या कारखान्यातल्या किशोर नावाच्या माणसाने फोनवरच खोली ठरवली, आणि गेल्या रविवारी बायको रेश्मा, डबल बेड आणि तिच्या माहेरचं तीन दारांचं लोखंडी कपाट घेऊन हजर झाला. बेड आत गेला आणि खोली संपली. तो ओरडला असता तर मीही ओरडले असते. पण तो दारात उभा राहून हळूच म्हणाला, "ताई, फोटोतली खोली कुठाय?"

मला तोंड वर करवेना. दुसरी खोली मीच शोधून देते म्हटलं. पण तोवर रेश्मा सासूबाईंबरोबर चहाला बसली होती, ती उठेचना. दोघं राहिली. कपाट आमच्या पडवीत आलं, तेव्हापासून आमचं पुढचं दार उघडत नाही. सगळं घर गोठ्याकडून ये-जा करतंय आणि जो तो माझ्याकडे बघतोय. लेन्स विकायला काढली आहे.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
हेमलता

ता. क. : लेन्स विकत नाही. किशोर आत्ताच येऊन तो फोटो मागून गेला, सासऱ्यांना पाठवायचा आहे म्हणे. रेश्मा म्हणते, बेडसकट आणखी एक काढा.

ता. क. २ : कपाटाला तुमच्या हॉलमध्ये सहा महिने जागा मिळेल का, हे विचारायलाच पत्र लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात तुमच्या सूसला जाणारा टेम्पो मिळाला, म्हणून पत्र ड्रायव्हरच्याच हाती देते आहे. वाचून झालं असेल तर जरा खाली जा. तो एकटाच आहे, आणि कपाट उचलायला तिघं लागतात.