मंगळवार-गुरुवारचं फिरणं

सोमवार, ३

ठकीने आज चपला-बूट ओळीत लावले! माझ्या सपाता, यांच्या चपला, तिचे बोटभर बूट — सगळे भिंतीशी, टाचा आत. दीड वर्षाची नात आणि दारात पलटण उभी! शिकवलं कोणी? मी नाही. मी तिला नाक, कान, घड्याळ, कावळा, 'नको' आणि 'प्लीज' शिकवलं. साडेआठला आमचे चिरंजीव तिला सोडून जातात, सहाला सूनबाई घेऊन जातात, मधले साडेनऊ तास पोर माझं. तिला जे काही येतं ते माझ्या हातून आलेलं असतं. मग हे कुठून आलं?

यांना विचारलं. "हुशार आहे," म्हणाले आणि पेपर तोंडावर धरला.

मंगळवार, ४

लेक आली, भाचीला घेऊन गेली. "आई, तू जरा पाय वर करून बस. आम्ही बागेत जातो." तीन आठवडे दर मंगळवारी आणि गुरुवारी हे चाललं आहे. पाय वर करून मी काय करू? छत मोजू?

हेही दुपारी वाचनालयात. घर असं गप्प की फ्रिजचा आवाज कानात बसला.

ठकी परत आली ती कोपरापर्यंत निळी! बागेतल्या बाकाला रंग देत होते म्हणे. ओल्या रंगाची पाटी लावायला नको? नगरपालिकेला पत्र लिहायला घेतलं आहे. इंग्रजीत. मराठी पत्राला ते घाबरत नाहीत.

गुरुवार, ६

ठकी उघड्या पेल्यातून पाणी प्यायली. फक्त नाक भिजलं.

रविवार, ९

लिहिताना अक्षर वाकडं येतं आहे. रागाने. वयाने नव्हे.

तळ्यावर गेलो होतो. सगळे — आम्ही दोघं, चिरंजीव, सूनबाई, लेक, आणि विहीणबाई त्यांच्या त्या टोपीसकट. मी अंडी उकडून, सोलून नेली होती. सतरंजीवर सगळे टेकले, तोच ठकी एकेकाचे जोडे उचलून कडेला लावायला लागली. विहीणबाईंचा बूट पोटाशी धरून दोनदा बसली, दोनदा उठली. सगळे हसले. मीही.

"बघा हो," विहीणबाई म्हणाल्या, "पाळणाघराने तीन आठवड्यांत केवढं वळण लावलं!"

सूनबाई अंडं सोलायला लागली — सोललेलं अंडं!

"कुठल्या पाळणाघराने?" मी.

"आई, आम्ही सांगणारच होतो," चिरंजीव.

"कधी? तिच्या लग्नात?"

"सध्या फक्त मंगळवार-गुरुवार. तिला सवय व्हावी म्हणून. एक तारखेपासून रोज."

"आणि बाग?"

"वाटेत लागते," लेक म्हणाली. माझी लेक! खरंच असं म्हणाली!

"अगं बाई, यांना ठाऊक नव्हतं?" विहीणबाई. म्हणजे त्यांना ठाऊक, आणि मला नाही! हे ठकीला बदकं दाखवत होते. पाठमोरे.

एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परक्यांची बोलणी जोडून दिली. आणि माझ्याच घरातली लाइन माझ्यापर्यंत येऊ नये! पोरीच्या हाताला रंग कुठे लागला याचीसुद्धा थाप मारली. आणि मी खुळी नगरपालिकेला पत्र लिहीत बसले.

सोमवार, १०

"आई, पाळणाघर आहे, तुरुंग नाही." चिरंजीव, दारात उभ्या उभ्या.

"मग चोरून का नेत होतात?"

काहीतरी बोलणार होता. ओठ हलले. मग घड्याळ पाहिलं आणि गेला.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की शंभर ओळी लिहायला लावायच्या. या घराला वह्या पुरायच्या नाहीत.

ठकी दिवसभर माझ्या पदराला धरून हिंडली. आज 'आजी' नीट म्हणाली — 'आदी' नाही, 'आजी'! कोणाला सांगणार नाही. राहू दे माझ्याजवळ. एक तारखेनंतर सकाळी साडेआठला मी काय करायचं, हे कोणी ठरवलेलं दिसत नाही.

मंगळवार, ११

लेकीने आज उघडपणे नेलं. दुपारी मागोमाग मीही गेले. चांगली खरडपट्टी काढायची होती. वाक्यं रिक्षात पाठ केली.

दोन खोल्या. फरशी पुसलेली, खुंट्यांवर चित्रं, ठकीच्या खुंटीवर बेडूक. काचेतून पाहिलं. ठकी धावताना आपटली, ओठ लांबवून रडली — आणि उठून थेट तिथल्या बाईंच्या मांडीत तोंड खुपसलं. बाईंनी गुडघ्यावर फुंकर घातली. संपलं रडणं. मी काचेबाहेर, पर्स छातीशी धरून.

बाईंनीच दार उघडलं. "ठकीच्या आजी ना? या, या! आजोबा आज नाही आले?"

"आजोबा?"

"नेहमी येतात की! त्या चिमुकल्या खुर्चीत बसतात, गुडघे कानांना लागतात. मुलं त्यांना उंट म्हणतात."

वाचनालय!

पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. पायीच घरी आले. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. मुलं उलटली तर एक वेळ समजू शकते. पण हे?

बुधवार, १२

ठकी झोपल्यावर यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "उंट, आता बोला."

हसले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पोरांना बोल लावू नकोस. पाळणाघराचं मीच सुचवलं. कोणी तुला काही विचारायचं नाही, अशी त्यांच्याकडून शपथ घेतली."

"का?"

"पँटची लांबी कमी करायला कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो होतो. त्याला वाटलं, मला ठाऊक आहे. 'बाईसाहेबांची तब्येत बरी आहे ना आता?' म्हणाला."

मी खुर्ची मागे सरकवली.

"तू स्वतः सांगशील म्हणून चार दिवस वाट पाहिली," हे म्हणाले. "मग मुलाला फोन केला."

मी उठून ठकीच्या दुपट्याच्या घड्या घालायला लागले. घातलेल्याच होत्या.

शुक्रवार, १४

मागच्या महिन्यातल्या अकरा तारखेचं पान कोरं आहे. आज लिहिते. त्या दुपारी मला खुर्चीत डुलकी लागली. फाटक उघडं राहिलं होतं. ठकी चालत रस्त्यावर गेली, थेट मधोमध. ट्रक थांबला. शिंपी धावला, तिला उचलून घेऊन आला, आणि मला हलवून हलवून जागं केलं. पोर हसत होती. मी त्याचे हात धरले आणि म्हटलं, "घरी कोणाला सांगू नका."